वऱ्हाडाची चार्टर पार्टी

अकोल्याला समुद्र नाही, ही काही माझी चूक नव्हे. पण मुंबईहून निवृत्त होऊन इथे घर बांधलं त्या दिवसापासून आमच्या गल्लीतली माणसं माझ्याकडे अशी बघतात, की जणू येताना तो मी मुद्दाम तिकडेच ठेवून आलो.

माझी नोकरी जहाजांच्या दलालीची. एकाकडे माल असतो पण जहाज नसतं, दुसऱ्याकडे जहाज असतं पण माल नसतो, आणि मध्ये आमचं ऑफिस असतं. जहाज भाड्याने ठरवून द्यायचं आणि त्याचा करार लिहायचा. त्या कराराला चार्टर पार्टी म्हणतात. अशा चार्टर पार्ट्या लिहिण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. आणि आमचे शेजारी भगवंतराव माझी ओळख काय करून देतात? "हे आमचे शालिकरामजी, जहाजावर होते."

"जहाजावर नव्हतो हो. ऑफिसात होतो."

"म्हणजे जहाज चालवत नव्हते?"

"नाही."

"मंग काय, धुत होते?"

खरं सांगायचं तर पाण्यावर मी एकदाच गेलो, घारापुरीच्या लाँचमधून, आणि त्यातही सगळा वेळ कठड्यावर वाकून होतो. पण हे भगवंतरावांना सांगण्यासारखं नाही.

अशा माणसाला आपली विद्या दाखवायची संधी आयुष्यात एकदाच मिळते. मला ती मुलाच्या लग्नात मिळाली. न मिळती तर बरं झालं असतं.

आमच्या शिवमचं लग्न अंजनगाव सुर्जीच्या खुशालरावांच्या प्राजक्ताशी ठरलं. पत्रिका छापून झाल्या, वाटून झाल्या, आणि मग सरकारी भरतीच्या परीक्षेची तारीख बदलली. बदलून कुठे गेली, तर नेमकी लग्नाच्या दिवशी. पेपर दुपारी आणि केंद्र अमरावतीला. पूर्वपरीक्षा प्राजक्ता पास झालेली होती आणि वयाच्या अटीत बसणारी तिची ही शेवटची परीक्षा होती. पुढच्या वर्षी तिचा अर्जच कोणी घेणार नव्हतं.

सल्ल्यांचा पाऊस पडला. माझी मोठी बहीण दुर्गाबाई म्हणाली, "लगनात कोणी पेपर देते काय? सोडून दे म्हना." भगवंतराव म्हणाले, तारीख बदलणाऱ्यांवर केस टाका. कोणी म्हणालं लग्न पुढे ढकला, तर पुढचा मुहूर्त थेट दोन महिन्यांनी, आणि तेव्हा शिवमला रजा नाही, हॉल नाही, भटजीही नाहीत. शेवटी प्राजक्ताचाच मला फोन आला.

"बाबा, मुहूर्त साडेदहाचा हाय. साडेदहाले अक्षता पडल्या तर सव्वाअकराले निघून मी आरामात पोचतो. दोन्ही जमते. फक्त तुमचं वऱ्हाड साडेनवाले मांडवात पाह्यजे. जमन का?"

किती साधा प्रश्न! पण वऱ्हाडातलं वऱ्हाड वेळेवर पोचल्याची नोंद माझ्या ऐकिवात नाही. मुहूर्त ही आमच्याकडे, लग्न निदान कधी लागणार नाही, हे लोकांना कळवण्याची पद्धत आहे. तरी मी छाती पुढे काढून म्हणालो, "बेटा, आयुष्यभर मी दुसरं केलं काय?"

आणि ते खरंच होतं. जहाज बंदराला लागलं की कप्तान लेखी कळवतो, आलो आहे, तयार आहे. ही नोटीस ऑफ रेडिनेस. ती दिली की घड्याळ सुरू. माल चढवायला जेवढा वेळ ठरलेला, तो लेटाइम. त्याच्यावर गेलात तर दंड, त्याला डेमरेज म्हणतात. त्याच्या आधी काम उरकलंत तर बक्षीस, ते डिस्पॅच. जगातला गहू, कोळसा आणि लोखंड या चार शब्दांवर वेळेत चढतं आणि वेळेत उतरतं. माझे नातेवाईक कोळशापेक्षा अवघड निघतील असं मला वाटलं नव्हतं.

मी गयासुद्दीनभाईंना बोलावलं. त्यांची स्वतःची एक ट्रॅव्हल्सची बस आहे आणि ती ते स्वतःच चालवतात. चहा झाल्यावर मी त्यांच्यापुढे कराराचा मसुदा ठेवला.

"साहेब," ते म्हणाले, "बारातीची गाडी ठरवाले आजलोक कागद नाही लागला. जबान दिली का खतम."

मी त्यांना कलमं समजावून सांगितली. गाडी साडेपाचला दारात. सहाला घड्याळ सुरू. सातला लेटाइम खलास. सात वाजता जो गाडीत असेल त्याला घेऊन गाडी सुटेल. जो नसेल त्याच्यासाठी थांबणार नाही, मग तो कोणीही असो.

गयासुद्दीनभाईंनी चष्मा कपाळावर घेतला. "कोणीबी?"

"कोणीही."

"नवरदेव?"

"त्याला मी पहाटेच आत बसवून ठेवीन."

"अन् तुमी?"

मी हसलो. मोठ्या कंपन्यांच्या मालकांसमोर मी असाच हसत असे. "मीसुद्धा."

आमच्या सौभाग्यवती साधनाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "हे लिहू नका हो!" मी अर्थातच लिहिलं, आणि खाली रेघ मारली.

आता प्रश्न होता माल वेळेवर आणण्याचा. भगवंतरावांचा सल्ला असा, की सातला निघायचं तर पाच सांगा. पण हा हिशेब सगळ्या अकोल्याला पाठ आहे. पाच सांगितलं म्हणजे सात, आणि सात म्हणजे आठ, म्हणून लोक साडेआठला आंघोळीला बसतात. शिवाय खोटी वेळ कळवणं आमच्या धंद्यात बसत नाही. मी ग्रुपवर सरळ टाकलं, "गाडी सातला सुटेल. सात म्हणजे सात." दुसऱ्या दिवशी भगवंतराव सांगत आले, "लोक इचारून राहिले, सात म्हणजे नेमके किती?"

मग मी डिस्पॅच जाहीर केला. सहाच्या आत जो गाडीत बसेल त्याला गरम आलुबोंडे, सोबत तळलेली मिरची. आणि त्याच संदेशाखाली गाडीत कोण कुठे बसणार याचा नकाशाही टाकला. जहाजात माल भरण्याचं एक शास्त्र असतं. जड माल खाली आणि मध्ये, तोल दोन्ही बाजूंना सारखा. मी सगळ्या वऱ्हाडाची मनातल्या मनात वजनं घेतली आणि नंबर टाकले. हे काम मी फार प्रामाणिकपणे केलं, आणि तिथेच माझा घात झाला. दुर्गाबाईचा तासाभरात फोन आला.

"शालिक, तू मले टायरावर बसवलं?"

"बाई, तिथे तोल चांगला राहतो."

"कोनाचा?"

मी फोन ठेवला आणि प्रकरण मिटलं असं समजलो.

लग्नाच्या पहाटे साडेपाचला कडी वाजली. दारात गयासुद्दीनभाई, पांढरा शर्ट, डोळ्यांत सुरमा. "साहेब, नोटीस देतो. गाडी आली, तयार हाय. टाकी फुल हाय, चाकात हवा हाय." मला एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत कुठल्याच कप्तानाने मला समोर उभं राहून नोटीस दिली नव्हती.

आणि सहाच्या आत खरंच माणसं आली! आलुबोंड्यासाठी वऱ्हाडी माणूस काय करू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं. सहाला गाडी जवळजवळ भरली. सव्वासहाला ती रिकामी झाली. कारण बोंडा खाल्ल्यावर चहा लागतो, चहानंतर पान लागतं, आणि पान खाताना आठवतं की गॅस बंद केला नाही. कोळसा एकदा चढला की चढला, तो परत खाली उतरून टपरीवर जात नाही. चढलेला माल आपल्या पायांनी उतरून गेला तर काय करावं, याचं कलम कुठल्याच चार्टर पार्टीत नाही. मी टपऱ्या-टपऱ्यांवर फिरून एकेकाला हाताला धरून आणलं.

सातला पंचवीस मिनिटं असताना शिरगणती पुरी झाली. एक कमी. दुर्गाबाई नकाशा धुडकावून पहिल्या सीटवर बसली होती.

"बाई, भाऊजी कुठे?"

"येत नाही म्हन्तात."

"काहून?"

"तुह्या कागदात त्याईचा नंबर चौदावा हाय. जवाई चौदा नंबरले असते काय? लेक बावा, तुले एवढं समजत नाही?" आणि लगेच म्हणाली, "राहू दे. त्याईचं हे आमच्या लग्नापासून चालू हाय."

पण राहू कसं देणार! आमच्याकडे घरचा जावई रुसला तर नवरदेवाच्या बापाने स्वतः त्याच्या दारी जायचं असतं. कुंकू लावायचं, खांद्यावर दुपट्टा टाकायचा, डोक्यावर टोपी ठेवायची, आणि मानाने गाडीपर्यंत आणायचं. याला दुसरा माणूस चालत नाही. मी स्कूटी काढली आणि चार गल्ल्या ओलांडून देवमन भाऊजींच्या घरी पोचलो.

भाऊजी खाटेवर बसले होते. खाली कडक इस्त्रीची पँट, नवे मोजे, नवे बूट. वर फक्त बनियान. कमरेपर्यंत लग्नाला निघालेले होते आणि वरचे अर्धे रुसलेले होते.

"या, जहाजवाले," ते म्हणाले.

मी हात जोडले, चुकलो म्हणालो, नंबर एक देतो म्हणालो. "नंबराचं काही नाई शालिक," ते म्हणाले, "पर लोक पाह्यतात." कुंकू त्यांच्या देवघरातलं घेऊन लावलं. दुपट्टा आणि टोपी मात्र माझ्या बॅगेत होती, आणि बॅग गाडीच्या पोटात सर्वांत खाली. जड माल खाली, हे माझंच शास्त्र.

"बिना टोपीचा चलू काय मी? आमच्या सासऱ्याईनं कदी..."

सासरे म्हणजे माझेच वडील. त्यांचं पुराण सुरू झालं आणि माझा फोन वाजला. गयासुद्दीनभाई होते.

"साहेब, सात झाले. समदे बसले. तुमी आन् जवाईबापू सोडून." मागून शिवमचा आवाज येत होता, थांबा, थांबा. "कागद नसता तर मी इचारलंबी नसतं, थांबलो असतो. आता तुमी बोला. थांबू का निघू?"

पाच मिनिटं थांबा, असं म्हणणं अगदी सोपं होतं. जिभेवर आलंच होतं. पण ही पाच मिनिटं मी चांगली ओळखतो. ती कधी एकटी येत नाहीत. गाडी थांबलेली दिसली की एक जण चहाला उतरणार, त्याच्या मागे दहा, आणि मग दहा जणांना शोधायला वीस. त्या सगळ्यांच्या शेवटी मला एक पोरगी दिसत होती, अंगावर शालू आणि हातात हॉलतिकीट, अमरावतीच्या कुठल्या तरी बंद फाटकासमोर उभी.

"सोडा," मी म्हणालो.

"तुमाले सोडून?"

"कोणीही म्हणजे कोणीही. सोडा गाडी."

फोन ठेवला आणि मला फार वाईट वाटलं. एकुलता एक मुलगा, त्याच्या लग्नाची गाडी गेली आणि मी दुसऱ्याच्या अंगणात कुंकवाचा करंडा घेऊन उभा. भाऊजी मात्र ताडकन उठले. "गाडी गेली? मले सोडून?" आणि अर्ध्या मिनिटात शर्ट घालून तयार. रुसवा ऐकायला गाडीच उरली नाही म्हटल्यावर तो गेला.

लग्नसराईचा दिवस, अकोल्यात एक टॅक्सी मिळेना. स्कूटीवर भाऊजींचा गुडघा मावेना. राहिली काळीपिवळी. जहाजांच्या दोन जाती आहेत. लायनर ठरल्या वेळापत्रकाने जातं, ट्रॅम्प माल मिळेल तिकडे जातं. काळीपिवळी जीप ही तिसरीच जात. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली हे तिच्या ड्रायव्हरला कधीच पटत नाही. भाऊजींनी पहिल्याच वाक्यात "मी नवरदेवाचा फुपाजी" असं सांगून पुढची सीट मिळवली. मी मागे, मांडीवर कोणाची तरी कांद्याची गोणी.

दर्यापूरला पोचायच्या आत शिवमचा फोन आला. वऱ्हाड साडेनवाच्याही आधी पोचलं होतं. आणि तिकडे हाहाकार! मुलाकडचे वेळेवर येतात हे अंजनगावने पाहिलेलंच नव्हतं. बँडवाले आले नव्हते, ओवाळायच्या बायका आंघोळीला, आचाऱ्याची कढई थंड. खुशालराव गळ्यात टॉवेल, तोंडावर साबण, अशा थाटात व्याह्यांच्या स्वागताला धावत आले आणि व्याहीच नव्हता.

"बाबा, त्याईनं भगवंतकाकाले हार घातला," शिवम म्हणाला.

माझा हार! भगवंतरावांना! ज्या माणसाला मी जहाज धुत होतो असं वाटतं, त्याला!

दर्यापूरला जीप बदलली. दुसरी जीप भरेना. साडेदहा वाजले तेव्हा आम्ही स्टँडवर, उभ्या जीपमध्ये बसलेले. शिवमच्या मित्राने फोन लावून भटजींजवळ धरला आणि मी स्पीकर सुरू केला. मंगलाष्टकं सुरू झाली. माझ्यासमोर अनवरीबी म्हणून एक बाई तांदळाची थैली घेऊन बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "भाईजान, बेटे की शादी और आप इधर?" मी मान हलवली. त्यांनी थैलीची गाठ सोडली आणि माझ्या ओंजळीत मूठभर तांदूळ दिले, मग सगळ्यांना वाटले. शेवटच्या सावधानला सगळ्या जीपने माझ्या फोनवर तांदूळ टाकले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी रडलो, लपवलं नाही.

"हळद नाई लावली याले," भाऊजी पुढून म्हणाले. "कोऱ्याच अक्षता टाकल्या तुमी."

फोनच्या छिद्रात एक दाणा अडकला तो अजून निघालेला नाही.

जीप सुटली. अंजनगाव अजून बरंच दूर असताना समोरून, दर्यापूरमार्गे अमरावतीला निघालेली, झेंडूच्या माळा लावलेली गाडी आली. ब्रेक दाबून थांबली, आमची जीपही थांबली, आणि मी उतरलो. शिवम चालवत होता, फेटा काढून मागे टाकलेला. प्राजक्ता दार उघडून खाली उतरली आणि वाकायला लागली.

"वाकू नको!" मी ओरडलो. "वेळ जातो! पाया नंतर पड!"

"पाया नाई पडत बाबा, वेळ हाय," ती म्हणाली. आणि उभ्या-उभ्या नथ काढली. मग हार, पाटल्या, बाजूबंद, वाकून पैंजण. गळ्यातली काळी पोत तेवढी ठेवली. "सेंटरवर दागिने चालत नाई, सकाळी मेसेज आला. आईजवळ दिले असते तर दहा बायाईनं पाहाले मांगतले असते अन् अर्धा तास गेला असता. शिवम म्हने, बाबा रस्त्यात भेटतीन."

तिने माझाच रुमाल मागून घेतला, त्यात सगळं घातलं, गाठ मारली आणि माझ्या हातात दिलं. मी आयुष्यभर बिल ऑफ लेडिंग पाहिली. माल हातात घेणारा ती पावती लिहून देतो, इतके नग, वरवर पाहता सुस्थितीत मिळाले. तिच्याशिवाय कोणी कोणाच्या हाती एक पोतं देत नाही. आणि मी स्वतः कधी पोतंसुद्धा हातात घेतलं नव्हतं, फक्त कागद.

"बेटा, थांब. मोजून दे. लिहून घे काही तरी."

"कायले मोजता?" ती गाडीत बसत म्हणाली. "तुमाले तर देऊन राहिलो. येतो बाबा."

गाडी गेली. वेळेच्या चांगली आधी. मी रस्त्याच्या मधोमध, सुनेचं सगळं सोनं रुमालात बांधून उभा होतो, आणि जीपमधले सगळे माझ्याकडे बघत होते. मी आत येऊन बसलो, रुमाल छातीशी धरला.

भाऊजींनी मान मागे वळवली. "मोजाले पाह्यजे होतं, शालिक. उद्या एखादी पाटली कमी भरली तर? मी जवाई हाय म्हनून सांगतो, अशा वख्ताले कागद..."

"भाऊजी," मी म्हणालो, "गप बसा."

घरच्या जावयाला आमच्या घराण्यात असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. भाऊजींनी हळूच मान पुढे फिरवली, शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि दुसऱ्यांदा रुसले. मी रुमालाची गाठ चाचपत बसून राहिलो. ड्रायव्हरने विचारलं, "काका, चहाले थांबू का?"

"नाही," मी म्हणालो.